बाईंच्या फायलीतला एक कागद

आमच्या खो-खोच्या बाई मैदानावर कुणालाही नावाने हाक मारायच्या नाहीत. गावाच्या नावाने मारायच्या. मी मढची, म्हणून मी मढ. ओतूरची मुलगी ओतूर, डिंगोऱ्याची डिंगोरे. एका गावच्या दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. "नाव घेतलं की पोरगी मागं वळून बघते," बाई सांगायच्या, "गाव घेतलं की पळते." यात कितपत तथ्य होतं माहीत नाही. पण एकदा आमचे मुख्याध्यापक नुकत्याच आखलेल्या रेषांवरून बूट घालून चालले होते, तेव्हा बाई लांबून "ओ जुन्नर!" म्हणून ओरडल्या आणि सर खरोखरच पळाले.

त्या खऱ्या तर शिवणाच्या बाई. खेळाचे सर वेगळे होते, ते मुलांची कबड्डी घ्यायचे. मुलींना खो-खो कोण शिकवणार, असा प्रश्न शिक्षकांच्या सभेत निघाला तेव्हा सगळे टेबलाकडे बघत बसले आणि बाईंनी काजं करता करता सुईसकट हात वर केला, असं शिपाईमामा सांगायचे. उंच, हाडकुळ्या, पदर कमरेला खोचलेला, साडीखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट. शिट्टी पदराला सेफ्टी पिनने अडकवलेली आणि गळ्यात शिवणाची टेप. त्या टेपने त्या सगळं मोजायच्या: दोन खांबांमधलं अंतर, आमची उडी, आमच्या वेण्या. वेणी वीतभरापेक्षा जास्त लोंबली तर वर बांधून दोन पिना.

"दम लागला बाई," म्हटलं की विचारायच्या, "लागला का संपला? लागला असेल तर पळ. संपला असेल तर गूळ खा." गूळ त्यांच्या डब्यात रिळांबरोबर असायचा, त्यामुळे त्याला दोरे चिकटलेले असायचे. आम्ही दोऱ्यांसकट खायचो.

आमचं मुख्य ठाणं म्हणजे सामानाची खोली. शाळेच्या मागे, मुताऱ्यांच्या पलीकडे, पत्र्याची. पूर्वी तिथे सुकडीची पोती ठेवायचे, म्हणून भिंतींत एक गोडसर कुबट वास कायमचा मुरला होता. त्यात रेषा आखायची फक्की, खोबरेल तेल आणि बारा मुलींचा घाम मिसळला की जो वास व्हायचा, तो मला पुन्हा कुठे मिळाला नाही. एका भिंतीला बारा खिळे, प्रत्येकाखाली खडूने गावाचं नाव. आरशाचा एक तुकडा होता, त्यात एका वेळी एक डोळा किंवा एक कान एवढंच दिसायचं. म्हणून आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो. घरी कुणी कधी बोलत नसे ते सगळं त्या खोलीत बोललं जाई. पाळीत पोट दुखतं तेव्हा काय करायचं, कुणाच्या बहिणीचं लग्न कसं ठरलं, कुणाला पुढे शिकायचंय, कुणाला नाही.

"डिंगोरे, तुझा कबड्डीवाला आज लंगडत चालला व्हता गं."

"माझा कुठला? लंगडणारा तुझा. माझा चांगला पळतोय."

"पळतोय तर खरं. तुला बघूनच पळतोय."

मी मुख्याध्यापकांची नक्कल करायचे. ती इतकी चांगली व्हायची की एकदा ओतूर दचकून उभीच राहिली.

आम्ही कपडे बदलत असलो की बाई बाहेर दाराकडे पाठ करून, घमेलं पालथं घालून त्यावर बसायच्या आणि क्रोशाची सुई चालवायच्या. कुणीही आलं तरी उत्तर एकच: "थांबा, पोरी कपडे बदलतायत." एकदा आम्ही सगळ्या मैदानावर असताना खेळाचे सर पंप न्यायला आले, तरी बाईंनी त्यांना हेच सांगितलं आणि दहा मिनिटं उन्हात उभं केलं. मी नंतर विचारलं, "बाई, आत तर कुणीच नव्हतं."

"नसू दे. सवय लागली पाहिजे."

"कुणाला?"

"त्यांना."

आता खोलीतलं दुसरंही सांगते, कारण गोड तेवढंच सांगायचं तर हे लिहायला बसायची गरज नव्हती.

नववीत असताना आमच्या संघात एक मुलगी आली. बाईंनी विचारलं, "गाव?" ती म्हणाली, "आमी मेंढरंवालं बाई. आजी वस्तीवर ऱ्हाती धरणाच्या पल्याड. बाकी समदा वाडा मेंढरामागं." मेंढपाळांचा फिरता मुक्काम म्हणजे वाडा. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग तू वाडा." खडूने तसं लिहिलंही. ती सडपातळ, काळीसावळी, फार कमी बोलणारी होती आणि तिच्याइतकी पळणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. ती धावायला उतरली की समोरच्या मुली हात पुढे करायच्या आणि हातात वारा यायचा.

आम्ही तिला मेंढरू म्हणायला लागलो. सुरुवात मी केली. ती खोलीत आली की नाकाला रुमाल लावायचा, तिच्या शेजारच्या खिळ्यावर कुणी कपडे अडकवायचे नाहीत. एक दिवस मी नक्कल म्हणून चार पायांवर चालून बें-बें केलं. सगळ्या हसल्या. तीही थोडी हसली. इतरांबरोबर हसलं तर लवकर संपतं, हे तिला कळत असणार.

बाई बाहेर घमेल्यावर होत्या. त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर त्यांनी बाराही जणींचे घामेजलेले शर्ट एका सतरंजीवर मांडायला लावले आणि गुडघ्यांवर बसून एकेक शर्ट उचलून हुंगायला लागल्या. आम्ही बघतोय.

"ओतूर. कांद्याची चाळ. हो ना?"

"हो बाई."

"डिंगोरे, रॉकेल. स्टोव्हवर सैपाक करतेस. मढ..." माझा शर्ट त्यांनी दोनदा हुंगला. "शेण आहे. आणि भिजलेलं गोणपाट. वाडा, लोकर." मग त्यांनी स्वतःच्या पदराचा वास घेतला. "माझा मशीनच्या तेलाचा. आता ज्या पोरीला काहीच वास येत नाही, तिनं पुढं या. तिला मी पोचवायला जाते, ती मेलेली असणार."

कुणी पुढे गेलं नाही. तेव्हापासून मेंढरू बंद झालं. मला वाटलं, माझी शिक्षा एवढ्यावर भागली. शर्ट दोनदा हुंगला, बास. पुढे मी काय करणार आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाईंची एक हिरवी फाईल होती. तिच्यात बारा कागद. प्रत्येक कागदावर बाईंच्या अक्षरात तीनच ओळी: माझी मुलगी बाहेरगावी खेळायला जाईल. ती हाफ पँट घालून खेळेल. मला हे मान्य आहे. खाली सही किंवा अंगठा. सलवार घालून खांबावर सूर मारता येत नाही, ओढणी तर सरळ फास आहे, हे बाईंना पटलेलं होतं. पण ते घरच्यांना पटवल्याशिवाय एकाही मुलीला त्या बाहेरच्या सामन्याला नेत नसत. बाकीच्या शाळा गुपचूप नेतात, मग तुम्हीच का दारोदार फिरता, असं एकदा खेळाच्या सरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "फसवून एक वर्ष खेळवता येईल सर. मला दरवर्षी खेळवायचंय."

त्या पायी फिरायच्या. आमच्या घरी आल्या तेव्हा माझे वडील गोठ्यात होते. कागद ऐकून म्हणाले, "पोरीच्या जातीनं मांड्या दाखवत पळायचं का बाई?"

"दाखवायला नाही, पळायलाच. तुमचा बैल शर्यतीला झूल घालून उतरतो का?"

वडील बैलगाड्यांच्या शर्यतीचे शौकीन. ते आधी चिडले, मग हसले, मग सही केली. वर म्हणाले, "बाई लई खट हाये." तालुक्यात निम्म्या सह्या बाईंनी अशाच मिळवल्या होत्या, गोठ्यात, चुलीपुढे, लसणाच्या वाफ्यात उभ्याने. हाफ पँटी मात्र त्या खोलीबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. त्यांनीच शिवलेल्या, नाडीच्या, दोन्ही बाजूंना खिसे. खोलीतच धुवायच्या, पत्र्याखाली दोरीवर वाळवायच्या. घरचे तयार असले तरी वाटेवरच्यांना कशाला पुरवायचं, असा त्यांचा हिशोब होता.

वाडाच्या वस्तीवर बाई एकदा जाऊन आल्या होत्या. आजीने सांगितलं होतं, शाळेच्या आवारात खेळू दे, बाहेरगावचं पुन्हा विचारा. दिवाळीनंतर घोडेगावला सामने लागले. तीन दिवस राहिले होते आणि बाईंना ताप भरला. त्यांनी मला बोलावलं. मी कप्तान, आणि दिलेलं काम पुरं करणारी म्हणून माझी ख्याती. त्यांनी कागद दिला, शाईच्या पॅडची लहानशी डबी रुमालात बांधून दिली. "आजीला तिन्ही ओळी वाचून दाखव. हाफ पँट हा शब्द गिळायचा नाही. हो म्हणाली तर अंगठा, नाही म्हणाली तर नाही."

मी गेले. आजी अंगणात लोकर पिंजत होती. मला ताक दिलं. मी तिन्ही ओळी वाचल्या, शब्द गिळला नाही. ती म्हणाली, "तिचा बाप मेंढरं घिऊन घाट उतरून कोकनात गेलाय. पोरगी त्येची हाय. त्यो आला की इचारा. मी न्हाई अंगठा द्यायची, बाई."

"पण आजी, सामने परवाच्या दिवशी आहेत."

"मंग म्होरल्या वर्साला खेळल की. मेंढरं काय, पोरी काय, कुठं पळून चालल्यात?"

तिचं काही चुकलं नव्हतं. मी निघाले. परत येताना रस्त्याच्या मोरीवर बसले आणि हिशोब केला. वाडा नसेल तर आपण पहिल्याच फेरीत बाहेर. कागदावर एक काळा ठिपका हवाय, बाकी काही नाही. तो कुणाचा आहे हे कोण बघणार? माझ्या डोक्यात तेव्हाही सगळं असं एकाखाली एक मांडलेलं असायचं आणि शेवटची ओळ आपोआप लिहिली जायची. मी डबी उघडली आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा दाबला. मग बोट शेवाळावर घासून पुसलं. बाईंना कागद दिला.

"दिला आजीनं?"

"दिला."

"वाचून दाखवलास ना?"

"हो." हे एवढं खरं होतं.

वाडा शाळेच्या वसतिगृहात राहायची, वस्तीवर महिन्यातून एकदा जायची. तिला मी सांगितलं, तुझी आजी हो म्हणाली. ती खोलीत एकदम बसलीच. "आजी म्हनली? खरंच?" आणि तिने माझा हात धरला. कुणाचा हात धरायची तिची ही पहिलीच वेळ.

घोडेगावला आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात वाडा अख्खा डाव बाद झाली नाही. बाईंचा नियम असा होता की सामना संपला की आधी सलवारी चढवायच्या, मग बक्षीस. पण त्या दिवशी फोटोवाल्याने हाक मारली आणि बाई म्हणाल्या, "असू दे गं, एक असाच काढू." फोटोत त्या मध्ये बसल्या आहेत, शिट्टीसकट, आणि चक्क हसतायत. फोटोवाला जुन्नरचा होता. त्याला तो इतका आवडला की त्याने मोठा करून दुकानाच्या काचेत लावला.

बाजाराच्या दिवशी, मेंढरांमागून आजीला भेटायला आलेल्या वाडाच्या चुलत्याने तो बघितला.

दुसऱ्या दिवशी चुलता आणि आजी शाळेत आले. वाडाला वर्गातून बोलावलं, मला बोलावलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत बाई आधीच हिरवी फाईल घेऊन उभ्या होत्या, अगदी निर्धास्त. चुलता आवाज न चढवता बोलत होता, तेच जास्त भीतीचं होतं. "आमी अडानी मानसं. पर आमच्या पोरीला असं कपडं घालून भाईरगावी न्यायचं, तर आमाला इचारलं का कुनी?"

बाईंनी कागद काढून समोर ठेवला. "हा आजींचा अंगठा."

आजीने कागद उचलला नाही. स्वतःचा अंगठा टेबलावर ठेवला. "ह्येच्यावर रेघा हायेत का बगा साहेब. लोकर पिंजून पिंजून समद्या गेल्या. त्या कागदावर तर लई रेघा हायेत."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "कागद घेऊन तू गेली होतीस?"

"हो सर."

"मग हा अंगठा कुणाचा?"

लहानपणी गवत कापताना विळा लागला होता. माझ्या उजव्या अंगठ्यावर एक तिरका वण आहे, आणि कागदावरच्या ठशात तीच तिरकी पांढरी रेघ मला चार हातांवरून दिसत होती. मी मूठ मिटली. शाळेतून नाव काढतील. वडिलांना कळेल. ह्या दोनच गोष्टी सुचल्या आणि त्यांच्याखाली तिसरी ओळ आपोआप आली.

"बाईंना माहीत आहे, सर," मी म्हणाले.

बाईंनी कागद उचलला आणि खिडकीपाशी उजेडात नेला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे वळल्या. तोंडाकडे नाही, मिटलेल्या मुठीकडे. मला वाटलं, आता म्हणतील, मूठ उघड.

"हो," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. अंगठा आजींचा नाही. ही मुलगी मी सांगितलं तसं बोलली, तिचा त्यात काही दोष नाही, तिला वर्गात जाऊ द्या."

आजी म्हणाली, "तुमी माझ्या दारात बसून ताक पिऊन गेल्या व्हता बाई. तवा किती खरं बोलत व्हता."

बाईंनी कागद फायलीत परत ठेवला. वाडा दाराशी उभी होती. तिने बाईंकडे एकदा पाहिलं. मग ती चुलत्यामागोमाग निघून गेली, दप्तर न घेता.

मी वर्गात गेले. कुठला तास होता तेही आठवतं, भूगोल.

पुढच्या आठवड्यात इतर मुलींचे वडील, काका आपापले कागद तपासायला आले. त्यांच्या सह्या खऱ्याच होत्या, पण आता त्यांनाही त्या नकोशा झाल्या. "ज्या बाईनं एक खोटा केला..." एवढंच वाक्य व्हायचं, पुढचं कुणी बोलायचं नाही. मुलींचा खो-खो बंद झाला. बाईंकडे शिवणाचा तास तेवढा उरला. खोलीत मोडके बाक टाकले. वाडाला तिच्या चुलत्याने कोकणात तिच्या आईबापांकडे पोचवलं आणि तिची शाळा संपली.

मला काहीच झालं नाही. दहावीत आदर्श विद्यार्थिनीचा कप मिळाला. टाळ्या वाजल्या, शिक्षकांच्या रांगेत बाईंनीही वाजवल्या. त्या प्रकरणाबद्दल त्या माझ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. शिवणाच्या तासाला माझा झबल्याचा तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, "टाके सैल पडलेत. उसव, पुन्हा घाल." हेच त्या सगळ्याच मुलींना म्हणायच्या. मी मात्र ते वर्षानुवर्षं घोळवत बसले.

आता मी नारायणगावच्या रस्त्याला एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघते. पाणी, पंगत, जनरेटर, गुरुजी, बँड, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. गेल्या लग्नसराईत पंगत चालू असताना मागून आवाज आला, "मढ! एवढ्या पंगतीला पाण्याचे जग तीनच?"

मी जग आणायला पळाले. चार जग घेऊन परत आले तेव्हा कळलं, आपण का पळालो. बाई काठी टेकून उभ्या होत्या. केस पांढरेशुभ्र, पदर तसाच खोचलेला. वरपक्षाच्या लांबच्या नात्यातल्या. म्हणाल्या, "व्यवस्था चांगली ठेवतेस. आमटीला मीठ कमी आहे." पत्ता दिला, मंचरचा.

पुढच्या सोमवारी मी गेले. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, चार मुद्दे. बाई भाजी निवडत होत्या. मी पहिला मुद्दा अर्धा बोलले आणि त्यांनी हात वर केला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. वण दिसत होता."

"मग तुम्ही का..."

"तू चौदा वर्षांची. तुझं नाव काढलं असतं, परत कुणी शाळेत घातलं नसतं. मला काय, शिवण राहणारच होतं." एक देठ मोडला. "वाईट वाटलं, नाही असं नाही. मी आजारी होते म्हणून तुला पाठवलं. माझी चूक तिथं. एक तर स्वतः जायचं, नाहीतर त्या वर्षी खेळायचं नाही."

"बाई, मला माफ करा."

"केलं गं. ते काय मोठं आहे." मग निवडलेली भाजी बाजूला सारली. "पण वाडाला अजून वाटतं, मी तिच्या आजीच्या नावानं खोटा अंगठा लावला. ते मात्र मला सहन होत नाही. म्हातारपणी तर अजिबात नाही. तिला जाऊन खरं सांग. आणे पठारावर दिलीय तिला." वस्तीचं नावही सांगितलं. सगळ्या मुलींची सासरची गावं त्यांना पाठ होती.

मी हो म्हणाले. घरी येऊन दुसऱ्या दिवशीच्या यादीत लिहिलं: आणे. ते काम झालं नाही, म्हणून पुढच्या पानावर घेतलं. मग त्याच्या पुढच्या. माझ्या वहीत कुठलंच काम तीन दिवसांवर राहत नाही. हे सात महिने राहिलं. कधी लग्न होतं, कधी गाडी सर्व्हिसिंगला, कधी नुसतंच ऊन. बाईंचा एकदा फोन आला, पाय घसरून पडल्या होत्या, बऱ्या होत्या. आण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. म्हणून गेले.

पठारावर रस्त्यापासून आत दोन खोल्यांचं पक्कं घर, शेजारी मेंढरांची कोंडवळ. ती अंगणात बसून एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. अंगाने भरलेली, कपाळावर मोठं कुंकू. मला ओळखायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. "मढ ना गं तू? ये की, बस."

मी बसले नाही. बसले असते तर चहा झाला असता, मुलाबाळांची चौकशी झाली असती आणि मी तशीच परत आले असते. उभ्यानेच सांगितलं. अंगठा माझा होता, तुझी आजी नाही म्हणाली होती, बाईंना काही माहीत नव्हतं, त्यांनी माझ्यावरचं स्वतःवर घेतलं.

तिने कोकराचं दूध संपू दिलं. बाटली खाली ठेवली.

"बाई कोकनात आल्या व्हत्या," ती म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं.

"त्याच वर्साला. आमच्या वाड्याचा काय पत्त्या असतोय? आज हितं, उद्या तितं. इचारत इचारत आल्या, येष्टीनं, म्होरं पायी. बापाला म्हनल्या, पोरीला परत धाडा, माझ्या घरी ठेवते, दहावी करू द्या. खेळ नगं, नुसती शाळा."

"मग वडील नाही म्हणाले?"

"बाप तयार झाला व्हता." तिने कोकराला मांडीवरून खाली सोडलं. "म्हनला, पोरगी म्हनल तसं. मी पालात बसले व्हते. भाईर आलेच न्हाई. आतनं वरडले, खोटारडी हाय ती, तिला जायाला सांगा. आन् कुत्री सोडली. दोन व्हती. चांगली मोठी व्हती. बाई काय पळाल्या न्हाईत. बाप मदी पडला म्हनून... मीच न्हाई गेले. कळलं का तुला? बाप हो म्हनला व्हता आन् मीच गेले न्हाई."

मी बाईंकडे लिहून नेलेल्या चार मुद्द्यांत यातलं काहीच नव्हतं. मी एका बाईंचं नाव खराब केलं, एवढंच मी इतकी वर्षं धरून होते. त्यावरच मला स्वतःची लाज वाटायची आणि ती वाटते म्हणून थोडं बरंही वाटायचं.

ती उठली. आत गेली, सुनेला मेंढरांचं काहीतरी सांगितलं, चांगलं लुगडं नेसून बाहेर आली. हातात एक लहान घोंगडी, नवी, घडी घातलेली.

"गाडी हाय नव्हं तुझी? मंचरला चल."

"आत्ता?"

"मंग कवा?"

ती पुढे बसली. आळेफाटा गेला, नारायणगाव गेलं. मी एकदोनदा बोलायचा प्रयत्न केला; ती घोंगडीच्या कडेचा दोरा बोटाभोवती गुंडाळत समोर बघत होती. मंचरच्या अलीकडे वाहनांची रांग लागली, गाडी थांबली, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. रागाने नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं तिने विचारलं:

"तुला झोप लागत व्हती का गं?"

मी पुढच्या ट्रककडे बघत होते. खोटं सांगता आलं असतं, आणि तेच तिला बरंही वाटलं असतं.

"लागत होती," मी म्हणाले.